पात्रतेची परीक्षा : बेकारभत्ता आणि तीन कलाकृती

१

बेकारी हा विषय आधुनिक वाङ्मयाला नवा नाही. काम सुटलेल्या माणसाचे दारिद्र्य, त्याचा मानभंग आणि त्याच्या घरातील वाढता कलह ह्यांची चित्रणे बहुतेक सर्व भाषांत विपुल आहेत. परंतु काम सुटल्यानंतर शासनदरबारी ‘बेकार’ म्हणून मान्यता मिळविण्याचा जो एक स्वतंत्र व्यवहार आहे, म्हणजे नोंदणी, अर्ज, चौकशी, छाननी, नामंजुरी आणि अपील, त्याकडे ललित लेखक क्वचितच वळतो. ह्याचे एक कारण उघड आहे. हा व्यवहार कागदी व नीरस समजला जातो, आणि मानवी भावनांचे नाट्य त्याच्या बाहेर कोठे तरी घडते अशी आपली समजूत असते.

ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन इंग्रजी कलाकृती व एक मराठी नाटक घेतले आहे. वॉल्टर ग्रीनवुड ह्यांची ‘लव्ह ऑन द डोल’ ही कादंबरी १९३३ साली प्रसिद्ध झाली. केन लोच ह्यांनी दिग्दर्शित केलेला व पॉल लॅव्हर्टी ह्यांनी लिहिलेला ‘आय, डॅनियल ब्लेक’ हा चित्रपट २०१६ चा असून त्याच वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळाले. तिसरी कृती म्हणजे जयंत पवार ह्यांचे १९९७ साली रंगभूमीवर आलेले ‘अधांतर’ हे नाटक. पहिल्या दोन कृतींत भत्त्याची खिडकी आहे. तिसरीत ती मुळातच नाही. ह्या फरकाचा कलाकृतीच्या घडणीवर काय परिणाम होतो, हा आपला प्रश्न आहे.

२

प्रथम ज्या व्यवस्थेतून ह्या इंग्रजी कृती उद्भवल्या तिचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे; कारण तिच्यातील बदल हाच पुढे कथानकाचा पाया होतो.

ब्रिटनमधील १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या धंद्यांतील कामगारांसाठी बेकारीचा सक्तीचा विमा सुरू केला. कामगार, मालक व शासन ह्या तिघांनी वर्गणी भरावयाची, आणि काम सुटल्यास कामगाराला आठवड्यास ७ शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे मिळावयाचे, अशी ती योजना होती. कामगाराच्या विमापुस्तिकेवर तिकिटे चिकटविली जात आणि काम सुटले की ती पुस्तिका सेवायोजन कार्यालयात जमा करावी लागे. स्वतःहून काम सोडणारा, गैरवर्तनामुळे काढला गेलेला, योग्य काम नाकारणारा आणि औद्योगिक तंट्यामुळे काम गमावलेला कामगार ह्या लाभातून वगळला जाई. ह्या अटी कठोर असल्या तरी त्यांच्यामागील कल्पना कराराची होती. तिकिटांची संख्या पुरी असेल तर कामगाराचे चारित्र्य, त्याचे घर किंवा त्याची बहीण ह्यांच्याशी कार्यालयाला कर्तव्य नव्हते.

१९२० च्या कायद्याने विम्याची व्याप्ती बहुतेक उद्योगांपर्यंत वाढविली आणि त्यानंतर थोड्याच काळात दीर्घ मंदी आली. वर्गणीचा हक्क संपलेल्या लक्षावधी माणसांना काही तरी देणे भाग होते. तेव्हा ‘खऱ्याखुऱ्या निष्ठेने काम शोधीत आहे’ हे अर्जदाराने सिद्ध करावे, अशी अट आली. १९२१ पासून १९३० पर्यंत ती कमीअधिक व्याप्तीने लागू होती. मुळात नसलेले काम आपण शोधीत होतो हे सिद्ध करणे ही तर्कशास्त्राची विचित्र कसोटी होय. ती रद्द झाली; पण १९३१ साली तिची जागा घेणारे दुसरे शस्त्र आले. भत्त्यात एकदशांश कपात झाली. प्रौढ पुरुषाचा आठवड्याचा १७ शिलिंगांचा भत्ता १५ शिलिंग ३ पेन्सवर आला. शिवाय २६ आठवड्यांनंतर पुढील मदत हवी असेल तर संपूर्ण कुटुंबाच्या उत्पन्नाची चौकशी होऊ लागली. हीच कुप्रसिद्ध ‘मीन्स टेस्ट’. ती राबविणाऱ्या स्थानिक समित्या जुन्या दरिद्रीसाहाय्य कायद्याच्या वारस होत्या, आणि त्या कायद्याची संशयी दृष्टीही त्यांच्याकडे वारशाने आली होती. कुटुंबाला एक घटक धरणारी ही चौकशी १९४१ पर्यंत टिकली.

ह्या बदलाचा अर्थ असा की, करारातून निर्माण झालेला हक्क हळूहळू दानाच्या पातळीवर उतरला. ‘डोल’ ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ वाटणीचा हिस्सा आणि त्यावरून दानधर्मात वाटलेला घास असा आहे. वर्गणी भरून मिळविलेल्या पैशालाही लोकभाषेने हाच शब्द लावावा, ह्यात त्या काळाचा सारा निवाडा आला आहे.

३

ग्रीनवुड ह्यांचा जन्म १९०३ साली सॅलफर्ड येथे झाला. बेकारीचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता आणि कादंबरीतील ‘हँकी पार्क’ ही वस्ती त्यांच्या परिचयाची होती. कथानक सर्वश्रुत आहे. हॅरी हार्डकॅसल हा मुलगा मार्लोच्या यंत्रशाळेत उमेदवार म्हणून लागतो. उमेदवारीची वर्षे संपून पुऱ्या मजुरीचा हक्क निर्माण होताच त्याला कामावरून कमी केले जाते, कारण तोपर्यंत स्वस्त मजुरीची नवी मुले दाराशी उभी असतात. तो भत्त्यावर येतो. चौकशीनंतर त्याचा भत्ताही बंद होतो. त्याची बहीण सॅली समाजवादी विचारांच्या लॅरी मीथवर प्रेम करते. लॅरीचे काम जाते, लग्न लांबते आणि भत्ताकपातीविरुद्धच्या मोर्चात पोलिसांचा मार बसलेला, आधीच आजारी असलेला लॅरी मरण पावतो. अखेर सॅली सॅम ग्रंडी ह्या श्रीमंत पैजवाल्याची ठेवलेली स्त्री होऊन राहते, आणि त्याच्या वशिल्याने तिच्या बापाला व भावाला बस कंपनीत कामे मिळतात.

सॅलीच्या ह्या निर्णयावर दोन प्रकारचे आक्षेप घेता येतात. एक असा की, हा शेवट अतिनाट्यपूर्ण आहे. गरीब मुलगी व धनिक लंपट ही जोडी एकोणिसाव्या शतकातील स्वस्त नाटकांतून उचलली आहे. दुसरा असा की, राजकीय आशय लॅरीच्या मृत्यूबरोबर संपतो आणि कादंबरी खासगी दुःखात विरते. दोन्ही आक्षेपांत तथ्यांश आहे. परंतु सॅलीचा निर्णय चौकशीच्या नियमाशेजारी ठेवून वाचला की त्याचे स्वरूप बदलते.

हॅरीचा भत्ता का बंद होतो? त्याने काही गुन्हा केला म्हणून नव्हे. घरात बापाची मजुरी आहे, बहिणीची मजुरी आहे. तेव्हा घराने हॅरीला पोसावे, असा समितीचा निर्णय असतो. म्हणजे सॅलीची मिळकत ही हॅरीच्या पोटाची तरतूद आहे हे शासनाने आधीच लिहून ठेवलेले आहे. पुढे बापाचेही काम जाते आणि घराचा सारा भार खरोखरच तिच्यावर येतो. अशा स्थितीत ती जे करते ते नियमाविरुद्धचे बंड दिसले तरी वस्तुतः नियमाचे तंतोतंत पालन आहे. कुटुंबाने आपल्या बेकारांना सांभाळावे असे समिती म्हणते; सॅली सांभाळते. कोणत्या मार्गाने, हे विचारण्याची समितीच्या तक्त्यात जागा नाही. बाप तिला कुलटा ठरवून मारतो व घराबाहेर काढतो आणि नंतर तिनेच मिळवून दिलेल्या कामाचा स्वीकार करतो. ह्या प्रसंगातील वेदना अतिनाट्याची नाही. एका हिशेबाच्या शेवटच्या ओळीची ती वेदना आहे.

कुटुंब हाच हिशेबाचा घटक ठरविल्यामुळे घरे कशी फुटली, ह्याची साक्ष जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्या १९३७ च्या ‘द रोड टु विगन पिअर’ ह्या ग्रंथात मिळते. वृद्ध बाप मुलाकडे राहिला तर त्याच्या निवृत्तिवेतनामुळे मुलाचा भत्ता कापला जाई. म्हणून बापाने परक्याच्या घरी भाडेकरू म्हणून राहावयास जावे लागे. शेजारी गावाला गेला असता त्याच्या कोंबड्यांना दाणे घालणाऱ्या बेकारावर, त्याला काम मिळाले आहे अशी चुगली झाल्याची हकीकतही ऑर्वेल देतात. ऑस्ट्रियातील मारिएन्ताल ह्या गिरणीगावाचा मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइसेल ह्यांनी केलेला अभ्यास ‘लव्ह ऑन द डोल’च्याच वर्षी, १९३३ मध्ये, प्रसिद्ध झाला. वेळ मुबलक आणि वर्गणी माफ असूनही तेथील वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले, पुरुषांची चाल मंदावली, असे ह्या अभ्यासकांना आढळले. ग्रीनवुड ह्यांनी कल्पनेच्या मार्गाने जे पाहिले तेच हे अभ्यासक मोजमापाने पाहत होते.

‘लव्ह ऑन द डोल’चा आणखी एक गुण येथे नोंदविला पाहिजे. मिसेस बुल, मिसेस नॅटल, मिसेस डॉर्बेल, मिसेस जाइक ह्या वस्तीतील म्हाताऱ्यांचा एक समूह कादंबरीभर वावरतो. गहाणवट, दारूचा घोट, उसनवारी आणि सुइणीचे काम ह्यांवर त्यांचा निर्वाह चालतो. त्या लोभी, विनोदी आणि चिवट आहेत. सहानुभूती मिळावी म्हणून ग्रीनवुड त्यांना धुऊन पुसून सभ्य करीत नाहीत. हॅरीसुद्धा पैज लावतो, आणि क्षुल्लक पैजेवर मिळालेले पैसे प्रेयसीसह सहलीत उधळतो. ही सर्व माणसे समितीपुढे ‘अपात्र’ ठरली असती. कादंबरीपुढे मात्र ती पात्र आहेत. ह्या मुद्द्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

कादंबरी ज्या प्रकारच्या पहाटेने सुरू होते तशाच पहाटेने, काही वर्षांनंतर, संपते. वस्ती पुन्हा जागी होते आणि कामावर जाणाऱ्यांची हालचाल सुरू होते. वर्तुळाकार रचनेची ही युक्ती पुष्कळांनी वापरली आहे. येथे तिला अर्थ येतो तो मधल्या काळात काय खर्ची पडले हे वाचकाला ठाऊक असल्यामुळे. सकाळ तीच आहे, पण ती विकत घेतलेली आहे. ब्रिटिश चित्रपट-परीक्षण मंडळाने १९३६ साली ह्या कथेवर चित्रपट काढण्यास संमती नाकारली आणि चित्रपट १९४१ मध्ये, म्हणजे कुटुंब-चौकशी रद्द झाली त्याच वर्षी, निघाला. ह्यावरून कथेतील दंश कोठे आहे हे सत्ताधाऱ्यांना समीक्षकांपेक्षा अधिक चांगले कळले होते असे दिसते.

४

‘आय, डॅनियल ब्लेक’ ह्या शीर्षकाकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. आपल्याकडील प्रतिज्ञापत्राची सुरुवात ‘मी, खाली सही करणार’ अशी होते. ‘मी, डॅनियल ब्लेक’ हाही तसाच दस्तऐवजी प्रयोग आहे. म्हणजे चित्रपटाचे नावच एका अर्जाची पहिली ओळ आहे.

न्यूकॅसलमधील ५९ वर्षांचा हा सुतार हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी बसला आहे. त्याचे डॉक्टर काम करण्यास मनाई करतात. परंतु आजारपणाच्या भत्त्यासाठी शासनाने नेमलेली परीक्षा वेगळी आहे, आणि तिच्या गुणपत्रकाप्रमाणे तो कामास योग्य ठरतो. निर्णयाविरुद्ध अपील करावयाचे तर आधी ‘सक्तीचा फेरविचार’ पूर्ण झाला पाहिजे. तोपर्यंत निर्वाहासाठी त्याने बेकाराचा भत्ता मागावा. आणि त्या भत्त्यासाठी आठवड्यास ३५ तास काम शोधल्याचा पुरावा द्यावा. जे काम स्वीकारण्यास त्याची प्रकृती समर्थ नाही ते काम शोधण्याची त्याच्यावर सक्ती होते. १९२० नंतरच्या दशकातील ‘निष्ठेने काम शोधण्या’ची कसोटी येथे नव्या वेशात परत आलेली आहे, आणि ह्या वेळी अर्ज संगणकावर भरावयाचा आहे. आयुष्यभर लाकूड हाताळलेल्या माणसाला संगणकाची ती लहानशी कळ हाताळता येत नाही.

चित्रपट काळ्या पडद्याने सुरू होतो. चित्र नाही, केवळ परीक्षेतील प्रश्नोत्तरे ऐकू येतात. हृदयाची तक्रार असलेल्या माणसाला हात वर जातो का, अमुक अंतर चालता येते का, असे प्रश्न विचारले जातात. हृदयाविषयीचा प्रश्न येतच नाही. ह्या योजनेत लोच व लॅव्हर्टी ह्यांचे कौशल्य दिसते. माणूस दिसण्यापूर्वी प्रश्नावली ऐकू येते, आणि प्रश्नावलीला माणूस दिसत नाही हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. पुढील सर्व रचनाही कार्यालयाच्या क्रमाने चालते : दूरध्वनीवरील वाट, भेटीची वेळ, सूचना, दंड, पुन्हा भेट. लंडनहून येथे आलेली, दोन मुलांची आई असलेली केटी कार्यालयात उशिरा पोहोचते म्हणून तिचा भत्ता दंडादाखल रोखला जातो. धर्मादाय अन्नकोठीत भुकेने व्याकूळ झालेली केटी तेथेच डबा उघडून खाऊ लागते, तो प्रसंग चित्रपटातील सर्वश्रेष्ठ होय. कारण तेथे प्रश्न विचारणारे कोणी नाही आणि तरीही तिला शरम वाटते. परीक्षक आता तिच्या आत जाऊन बसला आहे.

ह्या गुणांची दखल घेतल्यानंतर एक गंभीर आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. डॅनियल ब्लेक निर्दोष आहे. तो कुशल कारागीर आहे, त्याने आजारी पत्नीची शुश्रूषा केली आहे, तो शेजाऱ्याला मदत करतो, केटीच्या मुलांसाठी खेळणी कोरतो. कार्यालयाच्या भिंतीवर रंगाने आपली मागणी लिहिण्याचे बंडही तो सभ्यपणे करतो. अपिलाच्या सुनावणीपूर्वीच तो मरतो आणि अंत्यविधीच्या वेळी त्याचे निवेदन केटी वाचून दाखविते. त्या निवेदनाचा आशय असा की, त्याने आयुष्यभर आपले देणे चुकते केले आहे आणि तो भीक नव्हे, हक्क मागत आहे. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात. परंतु ज्याने सर्व देणे चुकते केले नसेल, जो शेजाऱ्याशी भांडत असेल, जो थोडा आळशी असेल, त्याच्या भुकेचे काय? शासनाची परीक्षा चुकीची आहे हे दाखविण्यासाठी चित्रपट आपली स्वतःची दुसरी परीक्षा घेतो, आणि तीत आपल्या नायकाला पूर्ण गुण देतो. ‘पात्र गरीब’ आणि ‘अपात्र गरीब’ ही जुनी विभागणी तो मोडीत नाही. आपला नायक चुकीच्या रकान्यात पडला, एवढीच त्याची तक्रार ठरते.

ह्याला असे उत्तर देता येईल की, प्रचाराच्या दृष्टीने असाच नायक आवश्यक होता. सदोष नायक घेतला असता तर विरोधकांनी त्याच्या दोषांवर बोट ठेवले असते. हे खरे आहे. परंतु हे उत्तर वकिलाचे आहे. वकील आपल्या अशिलाची बाजू मांडताना त्याचे चारित्र्य उजळ करतो. कलावंताने तसे केले की कलाकृती ही अर्जाची पुरवणी होते. ह्या बाबतीत ग्रीनवुड ह्यांची कादंबरी, तिच्या सर्व ओबडधोबडपणासह, अधिक निर्भय आहे. हँकी पार्कमधील म्हाताऱ्यांना ती चारित्र्याचा दाखला मागत नाही.

५

आता ‘अधांतर’. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला, आणि असंख्य कामगारांना काम परत मिळाले नाही. ह्या पडझडीनंतरचे गिरणगावातील धुरी कुटुंब हा पवारांच्या नाटकाचा विषय आहे. चाळीतील एक खोली, आई, लेखक होऊ पाहणारा एक मुलगा, क्रिकेटमध्ये रमणारा दुसरा, टोळीच्या जगात ओढला जाणारा तिसरा, आणि एक मुलगी. एवढ्यांत सारे नाट्य सामावले आहे.

ह्या नाटकात अर्ज नाही, खिडकी नाही, चौकशी अधिकारी नाही. ह्याचे कारण लेखकाची उदासीनता नव्हे. तशी खिडकी त्या कामगारांसाठी अस्तित्वातच नव्हती. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली झालेल्या दुरुस्तीने कामगारकपात झाल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई ठरविली. परंतु ती मालकाने द्यावयाची होती, आणि संपावर असलेला कामगार कपात झालेला नव्हे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून पुढे आली व १९७७ साली तिचा कायदा झाला. ती ग्रामीण भागासाठी होती. कर्मचारी राज्य विमा योजनेतून बेकारीचा भत्ता देण्याची सोय २००५ साली झाली. येथे हेही लक्षात ठेवले पाहिजे की, गिरणी कामगार ब्रिटनमध्ये असता तरी संपकरी म्हणून त्याला भत्त्याची खिडकी बंदच असती. औद्योगिक तंट्याची ती अट १९११ पासूनची आहे. तेव्हा पाश्चात्त्य लेखकांना कल्याणकारी राज्य लाभले म्हणून त्यांचे वाङ्मय अधिक सामाजिक झाले, असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

मग ‘अधांतर’मध्ये परीक्षा कोण घेते? घरच घेते. कोण काय मिळवितो, कोण बसून खातो, कोणाच्या स्वप्नाला किती मुदत द्यावयाची, हे प्रश्न एकाच खोलीतील माणसे एकमेकांना विचारतात. सॅलफर्डमध्ये जी चौकशी समितीने बाहेरून लादली ती येथे आईच्या, भावाच्या, बहिणीच्या तोंडी आली आहे. त्यामुळे तिला अपील नाही. हार्डकॅसल कुटुंबाला निदान समितीचा द्वेष करता येतो. धुरी कुटुंबाला द्वेष करण्यासाठी एकमेकांशिवाय कोणी हाताशी नाही. नाटकातील संवाद वारंवार तुटतात, चढतात आणि भलत्याच विषयावर जाऊन आदळतात, ह्याचे मर्म मला ह्यात दिसते. मूळ प्रश्न ज्याला विचारावयाचा तो समोर नसतो.

आणि म्हणूनच पवारांना आपल्या पात्रांना निर्दोष ठरविण्याची गरज पडत नाही. अर्ज ज्याच्याकडे करावयाचा तोच नसेल तर चारित्र्याचा दाखला कोणासाठी जोडावयाचा? टोळीत गेलेला मुलगा आणि पुस्तकात डोके घालून बसलेला मुलगा ह्यांना नाटक एकाच खोलीत, एकाच प्रकाशात उभे करते.

६

तिन्ही कृती एकत्र पाहता असे म्हणता येईल की, बेकारीविषयीच्या कलाकृतीची घडण पुष्कळ अंशी ‘प्रश्न कोण विचारतो’ ह्यावर ठरते. प्रश्न विचारणारी समिती कुटुंबाला एक घटक धरते, तेव्हा अनेकांची भवितव्ये एकमेकांत गुंतविणारी कादंबरी निर्माण होते. प्रश्न विचारणारे कार्यालय एकेका व्यक्तीला वेगळे काढते, तेव्हा एका नावाचे प्रतिज्ञापत्र असलेला चित्रपट निर्माण होतो. विचारणारे कोणीच नसते, तेव्हा एका खोलीतील नाटक निर्माण होते. कागदी व्यवहार नीरस असतो ही प्रारंभी उल्लेखिलेली समजूत म्हणूनच टिकत नाही. सॅलीचे प्रेम, केटीची शरम आणि धुरींचे भांडण ही नाट्ये त्या व्यवहाराच्या बाहेर घडत नाहीत; त्याच्या अटींतून किंवा त्याच्या अभावातून ती घडतात.

मराठी अभ्यासकांसाठी ह्यातून एक काम पुढे येते. गिरणगावाच्या वाङ्मयाचा विचार करताना आपण भोंगा, चाळ, संप आणि शाहिरी ह्यांकडे पाहतो. कागदांकडे पाहत नाही. गिरणीच्या जमिनींवरील घरांसाठी पात्रता ठरविताना मात्र १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा मागण्यात आला, आणि जुनी ओळखपत्रे, विम्याची कार्डे, भविष्यनिर्वाह निधीचे कागद पत्र्याच्या पेट्यांतून बाहेर निघाले. ज्या कामगाराला काम गेले तेव्हा कोणतीही खिडकी नव्हती, त्याला वा त्याच्या वारसाला तीन दशकांनी एका खिडकीपुढे आपण कामगार होतो हे सिद्ध करावे लागले. हा विषय आपल्या लेखकांपुढे आहे. तो हाती घेणाऱ्याने ग्रीनवुडच्या म्हाताऱ्यांची आठवण ठेवावी. ज्याच्या पेटीत कागद सापडला नाही त्याचीही गोष्ट त्याला सांगता आली पाहिजे, आणि ती सांगताना त्या माणसाच्या सज्जनपणाचा पुरावा जोडण्याची गरज त्याला वाटू नये.